डाव्या हाताचे दगड

जव्हार-मोखाडा रस्त्यावर एखाद्या वळणाच्या अलीकडे स्टँडवर लावलेली काळी सायकल दिसली, आणि आसपास माणूस दिसला नाही, की समजायचं : भाऊसाहेब महाले वळणापलीकडे काय आहे ते पाहायला गेले आहेत. ते चालत पुढे जायचे, रस्ता मोकळा असल्याची खात्री करायचे, चालत परत यायचे, घंटी वाजवायचे, सायकलवर बसायचे आणि वळण पार करायचे. पुढचं वळण आलं की पुन्हा खाली उतरायचे. त्या रस्त्याला वळणं सोडली तर फारसं काही नाही. त्यामुळे मोखाड्याला जाणारे महाले निम्मा रस्ता तीनदा कापत, दोनदा पायी आणि एकदा सायकलवर.

मी तेव्हा एका दैनिकाचा जव्हारचा वार्ताहर होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पहिल्या भेटीत मी त्यांना विचारलं, "तुम्ही पाहून परत येईपर्यंत पलीकडून नवी जीप आली तर?"

महाले थांबले. हा मुद्दा त्यांच्या डोक्यात आला नव्हता. पुढच्या आठवड्यात त्यांच्या सायकलला दुसरी घंटी बसली आणि गळ्यात शिट्टी आली. मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला त्यानंतर अनेकदा वाटलं.

ते तालुक्याच्या एका कचेरीत आवक-जावक कारकून होते. उंच, किंचित वाकलेले, पन्नाशीचे. लग्न केलेलं नव्हतं. कचेरीत त्यांची खुर्ची दाराला लागून असे, कारण भूकंपात दाराजवळचा माणूस वाचतो. माझ्या खोलीवर आले की आधी छताच्या पंख्याकडे पाहत आणि पाती जिथवर फिरतात त्याच्या बाहेर बसत. छत्रीला सुतळी लावून ती मनगटाला बांधलेली असे. पाहुण्यांना ते हौसेने दरीच्या कडेवरच्या शिरपामाळला नेत. स्वतः दरीकडे पाठ करून उभे राहत आणि समोर काय काय दिसतं ते पाहुण्यांना सांगत.

त्यांचं प्रत्येक बोलणं "समजा" पासून सुरू होई. समजा, ब्रेक तुटला. समजा, दरड आली. समजा, डॉक्टरच आजारी पडला. कचेरीत त्यांना पाठीमागे समजासाहेब म्हणत. हे त्यांना माहीत होतं. राग नव्हता. "समजा, साहेबांसमोर कोणी चुकून म्हणालं, तर त्या माणसाची नोकरी जाईल," एवढीच काळजी होती.

लोक हसत. पण त्या भागात पावसाळ्याचे चार महिने काढलेला माणूस फार मोठ्याने हसत नसे. श्रावणात धुकं उतरलं की स्वतःचा पसरलेला हात कोपरापर्यंतच दिसतो. अशा दिवसांत पाड्यांवरचे लोक चालणं सोडून जीपमध्ये बसत. आत मावतील तितके आत, उरलेले मागच्या फळीवर, त्याहून उरलेले टपावर. त्या जीपांच्या बातम्या मीच देत असे. महाले त्या वाचत असत, शेवटच्या ओळीपर्यंत, मृतांच्या वयांसकट.

या सगळ्यात एक माणूस असा होता की ज्याला कशाचीच भीती वाटत नव्हती, आणि तो त्यांच्याच घरातला होता. जनीबाय, त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा महाल्यांना हिनेच कडेवर वाढवलं. ती मोखाड्याला एकटी राहत असे. साठी उलटलेली, पायात कधी काही न घालणारी. उन्हाळ्या-हिवाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा ती नागलीचं पीठ टोपलीत घालून चालत जव्हारला येई, एक रात्र भावाकडे राही आणि चालत परत जाई.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती महाल्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्या शिट्टीला हसत होती.

"हा काय गळ्यात बांधला र? बैल हायस का?"

"बाय, सुरक्षेसाठी आहे."

"लहानपणी सावलीला घाबरायचा हा," ती मला म्हणाली. "म्हणून मी याला उन्हात काढायची नाय."

"बाय, पेपरवाले आहेत ते."

"मग छाप म्हणावं. जव्हारात कोणाला ठावं नाय?"

जीपमध्ये ती बसत नसे. "सुकी मासळी हाय का मी, कोंबून भरायला?" धुक्यात एकटीने चालायला महाल्यांनी तिला शपथ घालून बंदी केली होती. आणि धुक्यात स्वतः त्या रस्त्याने जाण्याचं धैर्य त्यांना नव्हतं, ना जीपने, ना सायकलने. त्यामुळे आषाढ लागला की दसऱ्यापर्यंत बहीण-भावाची भेट होत नसे. अंतर वीसेक किलोमीटरचं.

एका मे महिन्यात आमच्या दैनिकाच्या आतल्या पानावर, न आलेल्या जाहिरातीच्या जागी, एजन्सीची एक छोटी बातमी टाकली गेली. परदेशातली काही शहरं एकत्र आली आहेत. बर्फ पडो की पाऊस, लोकांनी बाराही महिने पायी आणि सायकलने हिंडावं यासाठी ती एकमेकांना मदत करणार आहेत. महाले ते कात्रण घेऊन आले.

"ही तुमची बातमी?"

"आमच्या पेपरातली."

"खरी आहे?"

"एजन्सीची आहे."

"म्हणजे खरी?"

"म्हणजे एजन्सीची."

ते पंख्याच्या घेराबाहेर बसले. "तिकडे बर्फात चालतात. आपल्याकडे नुसतं धुकं. धुक्यात रस्त्याची कड दिसली, तर माणूस चालू शकेल. जीपची गरजच नाही. पण इथे शहरं एकत्र आली असं लिहिलंय. आपल्याकडे शहरं किती?"

"एक. जव्हार."

"आणि मोखाडा."

"मोखाडा शहर आहे?"

"समजा," महाले म्हणाले.

समिती स्थापन झाली. जव्हारकडून महाले, एक किराणा दुकानदार आणि दोन शिक्षक. मोखाड्याकडून गावित गुरुजी आणि त्यांची माणसं. पहिल्या बैठकीचा मोठा भाग समितीच्या नावात आधी जव्हार की आधी मोखाडा यात गेला.

"तुमच्याकडे राजवाडा हाय म्हणून नाव पुढं का?" गावित गुरुजींनी विचारलं.

"बरं, तुमच्याकडे काय आहे?" दुकानदार म्हणाला.

"आमच्याकडे पाऊस जास्त हाय."

शेवटी नावात गावंच घातली नाहीत. बारमाही चाल समिती, एवढंच ठेवलं.

काम साधं होतं. रस्त्याच्या कडेला ओळीने दगड रोवलेले होते, पावसाने काळे पडलेले. ते पांढरे करायचे. चुन्यात डिंक घालायचा, म्हणजे तो पावसाळाभर टिकतो. चुना एका बाजूपुरताच होता. म्हणून एकच बाजू रंगवायची, आणि लोकांना एकच नियम सांगायचा : पांढऱ्या दगडाला धरून चाला, दगड सोडू नका. निम्मा रस्ता जव्हारकरांनी रंगवायचा, निम्मा मोखाडेकरांनी. मधल्या मोठ्या वळणावर दोन्ही ओळी एकमेकींना मिळतील.

सूचनापत्र महाल्यांनी लिहिलं. तीस वर्षं हेच काम केलेला माणूस. कोरे कागद, मध्ये कार्बन, एकच मजकूर, दोन प्रती. एक जव्हारच्या माणसांना, एक गावित गुरुजींना. त्यात हे वाक्य होतं : "आपल्या गावाकडून निघाल्यावर डाव्या हाताचे दगड रंगवावेत."

काम झाल्यावर पाहणीही त्यांनीच केली. एका रविवारी जव्हारहून निघून मधल्या वळणापर्यंत प्रत्येक दगड पाहिला. डाव्या हाताला, रंग पक्का, बरोबरची खूण. पुढच्या रविवारी एसटीने, डोळे मिटून, मोखाड्याला गेले आणि तिकडून चालत मधल्या वळणापर्यंत प्रत्येक दगड पाहिला. डाव्या हाताला, रंग पक्का, बरोबरची खूण. मग दिवस कलला म्हणून, वळणापलीकडे न पाहताच, मागून आलेल्या एसटीला हात केला आणि पुन्हा डोळे मिटून जव्हारला परतले. दोन्ही कागद बरोबर होते. मी ते पाहिले आहेत. माझ्याही काही लक्षात आलं नाही.

जून-जुलैत नुसता पाऊस होता, धुकं विरळ. लोक रस्ता पाहून चालत होते, दगडांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. खरं धुकं श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात उतरलं. समितीने दिवस ठरवला : सकाळी आठला दोन्ही गावांतून माणसं निघतील आणि मधल्या वळणावर भेटतील. महाल्यांनी बहिणीला निरोप पाठवला. शपथ मागे घेतली आहे. ये. फक्त पांढरा दगड सोडू नकोस.

त्या सकाळी जव्हारच्या नाक्यावर तीसेक माणसं जमली होती. एकमेकांना आवाजावरून ओळखत होती. जव्हारकरांना घेऊन जायला गावित गुरुजी आदल्या दिवशीच आले होते. चहाचा कप हातात घेऊन ते महाल्यांना म्हणाले, "भाऊसाहेब, आमच्याकडली रांग बघून घ्या. त्या मोठ्या वळणावर दरीच्या अंगाला काय झकास दिसते."

"दरीच्या अंगाला?"

"हां. डाव्या हाताला. तुमीच तर लिवलंय."

महाल्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग ते जागच्या जागी मागे वळले, मोखाड्याहून येणाऱ्या माणसासारखे उभे राहिले, आणि पुन्हा डाव्या हाताकडे पाहिलं. आमची ओळ डोंगराच्या बाजूला होती. गुरुजींची ओळ दरीच्या. मधल्या वळणावर दोन ओळी मिळत नव्हत्या. एक संपत होती आणि दुसरी रस्त्याच्या पलीकडे सुरू होत होती. तिथे कठडा नाही.

त्यांनी गुरुजींना दंडाला धरून तसंच वळवलं. मग गुरुजींनीही आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

गुरुजी एसटीडीच्या खोपटाकडे धावले. मोखाड्यातल्या एका दुकानात फोन लागला. तिथली माणसं अजून निघाली नव्हती. त्यांना थांबवलं.

"आणि जनीबाय?" महाल्यांनी विचारलं.

गुरुजींनी फोनमध्ये विचारलं आणि ऐकून घेतलं. "ती साडेपाचलाच गेली म्हणतात. गर्दीत चालायला मी मेंढरू नाय म्हणाली."

माझी मोटारसायकल होती. मी किल्ली काढली. महाले म्हणाले, "समजा, ती रस्त्यावरच असली. आणि आपणच तिला..."

धुक्यात मला मोटारसायकलचं पुढचं चाक दिसत नव्हतं. किल्ली परत खिशात टाकली. आम्ही दोघं चालत निघालो.

त्या चालण्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण दिसलं काहीच नाही. एक पांढरा दगड, मग काही नाही, मग दुसरा पांढरा दगड. पाण्याचा आवाज सगळीकडून येत होता, त्यामुळे ओहोळ कुठे आणि दरी कुठे हे आवाजावरून कळत नव्हतं. महाले पुढे होते. ते पुन्हा पुन्हा एकच वाक्य बोलत होते, मला उद्देशून नव्हे : "सरळ गेली तर दरी. आडवी गेली तर जीप."

तीन जीपा गेल्या. आधी हॉर्न, मग पिवळसर डाग, मग अंगावर चिखल. तिसरीला मी हात केला. ती बरीच पुढे जाऊन थांबली.

"वाटेत एक म्हातारी बाई दिसली का?"

"साहेब, मला माझा बॉनेट दिसत नाय," ड्रायव्हर म्हणाला. "मघाशी कायतरी मधे आला. ढोर होता बहुतेक."

"बहुतेक?" महाले म्हणाले.

"थांबलो नाय मी. इथं थांबला तर मागचा ठोकतो."

जीप गेली. महाले पुढे चालू लागले. आधी ते थोड्या थोड्या वेळाने "बाय" अशी हाक मारत होते. आता ती बंद झाली. मला वाटलं दमले असतील. तसं नव्हतं. हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर काय समजायचं, हे त्यांना नको होतं.

अकराच्या सुमाराला आमचा शेवटचा दगड आला. महाल्यांनी त्यावर हात ठेवला आणि पुढे हात लांबवून चाचपलं. पुढे दगड होता, पण काळा. आम्ही मधल्या वळणावर होतो. ते तिथेच उभे राहिले.

मग मी हाक मारली. "जनीबाय!"

पाण्याचा आवाज. मी पुन्हा हाक मारली.

"कोण हाय?" पलीकडून आवाज आला. "वराडता कशाला? झोपलेली नाय मी."

महाले रस्ता ओलांडून गेले. दोन्ही बाजूंना न बघता, हे मी नोंदवून ठेवतो.

मोखाड्याच्या शेवटच्या पांढऱ्या दगडाला पाठ टेकून ती बसली होती. मांडीवर टोपली, टोपलीवर पोतं, पोत्यावर दोन्ही हात.

"दगड संपलं," ती म्हणाली. "म्हटला, भाऊ रंगवत येत असंल इकडं. थांबले."

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"घड्याळ हाय का माझ्याकडं? दात वाजाय लागले, तेवढा वेळ."

"चाळीस वर्षं या रस्त्याने चालताय. पुढे का नाही गेलात?"

"तवा पायाला विचारून चालायची. आज यानं सांगितला, दगडाला विचार. दगडाला विचारत आले, आणि पायाचा ध्यानच गेला." तिने टोपलीवरचं पोतं सारखं केलं. "पयलांदा मला कळंना, रस्ता कठं हाय."

मी दगडाच्या पलीकडे पाहिलं. पाऊल ठेवायला तिथे जागा नव्हती. धुकं खालून वर येत होतं.

महाले खाली बसले होते. त्यांनी बहिणीचे दोन्ही घोटे हातांत घट्ट धरले होते.

"सोड र," ती म्हणाली. "लोक बघतील."

"धुकं आहे बाय. कोणाला दिसत नाही."

ओल्या दगडावर चुना धरत नाही. म्हणजे चूक दुरुस्त करायला दसऱ्यापर्यंत थांबणं भाग होतं. आणि लोक तर दगडांवर विश्वासून चालू लागले होते. दोन्हीकडच्या पाड्यांवर नियम पोहोचला होता, तो मागे घ्यायला कोणी तयार नव्हतं. गुरुजींनी वळणावर फलक लावायचं सुचवलं. महाले म्हणाले, "समजा, वाचता येत नसलं. समजा, फलकच दिसला नाही."

त्यांची रजा भरपूर शिल्लक होती. पुढे कधी आजार आला तर असावी म्हणून त्यांनी ती कधी घेतलीच नव्हती. ती सगळी त्यांनी एका अर्जात मागितली. त्या पावसाळ्यात सकाळी सातपासून दिवेलागणीच्या आधीपर्यंत ते मधल्या वळणावर उभे असत. धुक्यात पावलं वाजली की विचारत, "कोण?" पलीकडचा नाव सांगे. मग ते हात धरून त्याला रस्त्यापलीकडे नेत आणि दुसऱ्या ओळीच्या पहिल्या दगडावर त्याचा हात ठेवत. कोणी गुरं घेऊन येई, कोणी तापाने फणफणलेलं पोर घेऊन. सायकलवाले उतरत. काही दिवसांनी लोक लांबूनच ओरडू लागले, "भाऊसाहेब, हायसा का?" आणि महाले ओरडत, "आहे, आहे. थांब तिथेच." भीती गेली नव्हती. प्रत्येक जीपच्या हॉर्नला ते अंग चोरत. पण जागा सोडत नसत.

जनीबाय दर दोन-चार दिवसांनी भाकरी घेऊन येई. दोघं दगडावर बसून खात. एकदा मी तिथे थांबलो असताना महाले एका म्हाताऱ्याला घेऊन पलीकडे गेले होते. ती मला हळू आवाजात म्हणाली, "याला आता इथनं उठवू नका."

"का?"

"खोलीवर याला हाक कोण मारतो? कचेरीत कागद घेतात, कागद देतात. इथं दिवसाची वीस माणसं याचा नाव घेतात." ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली. "लहान होता तवा दारात बसून असाच विचारायचा. कोण आला, बाय? कोण आला? कोणी नसायचा."

दसऱ्यानंतर ऊन पडलं. मोखाड्याच्या माणसांनी त्यांच्या निम्म्या रस्त्यावर डोंगराच्या बाजूचे दगड रंगवले आणि दरीच्या बाजूचे डांबराने काळे केले. या वेळी गावित गुरुजी आणि महाले यांनी सबंध रस्ता एकाच टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर चालून पाहिला. ओळ एकसंध होती. मी सहा ओळींची बातमी दिली. ती छापून आली.

दोन दिवसांनी मी मोखाड्याला निघालो होतो. सकाळची वेळ. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. दरी तळापर्यंत दिसत होती, तळातली भातखाचरं आणि त्यांतली माणसंही. मधल्या वळणावर महाले उभे होते. त्यांनी मला बऱ्याच लांबून पाहिलं असणार. मी जवळ येऊन मोटारसायकल थांबवली, पाय टेकले. आमच्यात तीन हातांचं अंतर होतं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

मी माझं नाव सांगितलं.